मनोराज्य आणि संकल्प

माणसाच्या यशापयशाचा ताळेबंद मांडू लागले म्हणजे जन्म, कूळ, पैसा, शरीरसंपत्ती आणि काळवेळ या रकमा चटकन नोंदवता येतात, कारण त्या बाहेरून दिसतात; परंतु मनुष्य स्वतःविषयी आणि जगाविषयी अहोरात्र जो विचार करीत असतो, त्याचे मोल किती धरायचे, हा प्रश्न शहाण्यांना पुरातन काळापासून अवघड वाटत आला आहे. हीन विचारांनी मन ग्रासले असता त्यांच्या विरुद्ध भावनेचे मुद्दाम चिंतन करावे असे पतंजलींनी योगसूत्रांत सांगितले आणि त्या उपायाला प्रतिपक्षभावना असे नाव दिले. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात असे प्रतिपादन आहे : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. मनाला वळण लावता येते हे पहिल्या ग्रंथाचे सांगणे. वळण लागलेले मन हे पाच कारणांपैकी एकाचाच भाग होय, हा दुसऱ्याचा इशारा. शिस्तबद्ध आशावादी विचाराने आयुष्यात यश घडवता येते काय, या प्रश्नाचा शोध या दोहोंना सोबत घेऊनच केला पाहिजे.

विसाव्या शतकाने या प्रश्नाचे पहिले अर्ध तेवढे उचलले. फ्रान्समधील नान्सी शहरात एमिल कुए या औषधविक्रेत्याने रोग्यांना असे सांगण्यास आरंभ केला की, आपली प्रकृती दिवसेंदिवस सुधारत आहे अशा आशयाचे एक वाक्य त्यांनी सकाळी व रात्री वीस वीस वेळा स्वतःशी पुटपुटावे. १९५२ साली न्यूयॉर्कचे धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे सकारात्मक विचारसामर्थ्यावरील पुस्तक निघाले आणि त्याच्या प्रती जगभर खपल्या. आपल्याकडे सरकारी नोकरी सांभाळून वामनराव पै यांनी १९५५ पासून जीवनविद्येचे जे कार्य केले, त्याने मुंबई-ठाण्याच्या चाळींतील आणि कामगार वस्त्यांतील असंख्य कुटुंबांना, आपल्या आयुष्याला आकार देणे आपल्याच हाती आहे, हा धीर दिला. व्यसनाने किंवा निराशेने पोखरलेल्या घरात असा धीर देणारा माणूस येणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि पंडिती तोऱ्याने तिची हेटाळणी करणाऱ्यांशी माझे जमत नाही. तथापि धीर देणे हे एक आणि धीर कशाने टिकतो, कोठवर पोहोचतो, हे पाहणे दुसरे.

ते पाहण्यास पालघर-बोईसरचा मुलूख फार उपयोगी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा रेल्वेच्या रुळांनी जणू उभा चिरला आहे. बोईसरच्या पश्चिमेस तारापूरची औद्योगिक वसाहत, तिच्यापलीकडे समुद्राकाठी अणुविद्युत केंद्र. पूर्वेस पाहावे तो वारली आदिवासींचे पाडे, भातशेती आणि डोंगर. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत धावू लागलेल्या लोकलगाडीतून पाळीवर जाणारी तरुण मुले येथे रोज उतरतात. त्यांच्यातील बहुतेकांना आपण पुढे जाऊ असे मनापासून वाटते, आणि त्यांच्या हाती फलाटावरून घेतलेले यशस्वी होण्याचे एखादे पुस्तकही असते. त्या पुस्तकांत दूरदेशीच्या धनिकांची चरित्रे असतात. बोईसरहून वाणगाव, डहाणू रोड ओलांडून घोलवडला उतरले म्हणजे जवळच जी कोसबाडची टेकडी लागते, तिच्यावर घडलेले एक चरित्र त्यांत क्वचितच आढळते. मला ते या विषयापुरते तरी त्या सर्वांहून अधिक शिकवणारे वाटते.

अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगावी झाला. तेराव्या वर्षी लग्न आणि लग्नानंतर सहा महिन्यांच्या आत वैधव्य, हा त्यांच्या आयुष्याचा आरंभ. त्या काळच्या रूढीने अशा मुलीसाठी जी वहिवाट घालून दिली होती ती सर्वांना ठाऊक आहे : माजघराचा कोपरा, दुसऱ्यांच्या मुलांचे संगोपन आणि मंगलकार्यात मागे राहणे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत नोकरी करू लागल्या, आणि दिवसभर शिकवून झाल्यावर रात्रशाळेत स्वतः विद्यार्थिनी होऊन बसत १९३७ साली मॅट्रिक झाल्या. पदवीची इच्छा तेव्हाही होती. ती पुरी झाली १९६१ साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, आणि तीही बोर्डी-कोसबाडचा सारा व्याप अंगावर असताना. मधल्या चोवीस वर्षांत त्या इच्छेची आशा सुटली नाही आणि तिच्यापायी हातचे कामही सुटले नाही, हे मला विशेष लक्षणीय वाटते. पुष्कळांची मोठी इच्छा रोजच्या कामाशी वैर धरते. अनुताईंच्या ठिकाणी ती दोन्ही एकाच घरात नांदली.

१९४५ साली त्यांची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाईंना माँटेसोरीची पद्धती शहरातील सुखवस्तू घरांतून काढून खेड्यातील गरिबाच्या मुलापर्यंत न्यावयाची होती, आणि त्यासाठी त्यांनी समुद्रकाठचे बोर्डी गाव निवडले. पुण्यातील पक्की नोकरी सोडून अनुताई त्यांच्यासोबत बोर्डीला आल्या. बालवाडी उघडली, मुले मात्र येईनात. ज्या वस्तीसाठी हा सारा खटाटोप, त्या वस्तीतील आई सकाळीच मजुरीला जाई, थोरले मूल धाकट्याला कडेवर घेऊन घरी राही, आणि जे कोणी आलेच ते अंगावर मळ, केसांत उवा आणि पोटात भूक घेऊन येई.

या ठिकाणी केवळ प्रसन्नपणे विचार करणारा मनुष्य, उद्या मुले येतील, असे म्हणून वाट पाहत बसला असता, आणि निराश मनुष्य, या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही, असा शेरा मारून परतला असता. या दोघी बायकांनी काय केले ते जवळून पाहण्यासारखे आहे. मुले येत नाहीत ना, मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. झाडाच्या सावलीत, झोपडीच्या पुढच्या सारवलेल्या जागेत ती भरू लागली. मुले अस्वच्छ आहेत ना, मग पहिला पाठ आंघोळीचा. नखे काढणे, केस विंचरणे, नाक पुसणे हाच अभ्यासक्रमाचा आरंभ. माँटेसोरीची लाकडी साधने महाग आणि परकी, तर समुद्राचे शिंपले, रंगीत खडे, बिया, पाने, बांबूचे तुकडे आणि माती यांतून मोजण्याची, वर्ग पाडण्याची आणि आकार ओळखण्याची साधने तयार झाली. पुढे १९५७ साली हे काम आदिवासी मुलांसाठी कोसबाडच्या टेकडीवर आले, तेव्हा नवी अडचण उभी राहिली : थोडी मोठी मुले गुरे चारावयास जात. गुरे सोडून मूल शाळेत बसवणे म्हणजे त्या घराच्या पोटावर पाय देणे. म्हणून शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत आहेत, मुलांचे अर्धे लक्ष त्यांच्याकडे आहे, मधूनच एखादा पोर उठून शेताकडे वळलेली गाय हाकलून येतो आणि पुन्हा झाडाखाली येऊन खड्यांची बेरीज पुढे चालू करतो, अशी ती कुरणशाळा. तिला भिंत नव्हती आणि तिचे वेळापत्रक गुरांच्या चालीने ठरे.

या साऱ्या उपायांच्या मागे विचाराची एकच रीत दिसते. प्रत्येक अडचणीत, हे काम होणार, या गृहीताला धक्का लागू दिलेला नाही. परंतु त्या गृहीताच्या भरवशावर अडचणीकडे काणाडोळाही केलेला नाही. अडचण नीट न्याहाळावी, ती कोणाच्या दुष्टपणातून आली की पोटाच्या गरजेतून आली हे ओळखावे आणि तिला अनुरूप अशी तजवीज करावी, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. १९७३ साली ताराबाई गेल्या. त्यानंतरही जवळजवळ दोन दशके, १९९२ मध्ये स्वतःचा अंत होईपर्यंत, अनुताई त्या टेकडीवर राहिल्या. बालवाडी कशी चालवावी याचे साधे पुस्तक त्यांनी लिहिले; त्या पुस्तकात प्रेरणेपेक्षा कृती अधिक आहे. अंगणात भरणाऱ्या त्या बालवाडीची कल्पना आणि तिचे नाव पुढे देशभर गेले : २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना तेहतीस प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हणू लागले. आज खेड्यापाड्यांतून कोट्यवधी बालकांना हा शब्द ठाऊक आहे. तो कोणाच्या अडचणीतून जन्मला हे त्यांच्या पालकांना ठाऊक असतेच असे नाही.

अनुताईंच्या रीतीला आधुनिक मानसशास्त्राने अलीकडे जो दुजोरा दिला आहे, तो सकारात्मक विचाराच्या पुस्तकांनी सहसा सांगितलेला नाही. गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन संशोधक स्त्रीने टॉमस वॉडन यांच्यासह १९९१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजन उतरवण्याच्या उपचारास आलेल्या पंचवीस स्त्रियांना आरंभी दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या : आपण यशस्वी होऊ असा भरवसा किती वाटतो, आणि वजन उतरल्यानंतरची, मिष्टान्नाचा मोह समोर आल्यानंतरची जी चित्रे मनात येतात ती किती गोड असतात. वर्षभराने पाहता, ज्यांना भरवसा होता त्यांचे वजन इतरांपेक्षा पुष्कळ अधिक उतरले होते. परंतु ज्यांची कल्पनाचित्रे अतिशय गोड होती, त्यांचे वजन इतरांहून सुमारे अकरा किलोंनी कमी उतरले होते. नोकरी शोधणाऱ्या जर्मन पदवीधरांच्या बाबतीतही तेच आढळले : उत्तम नोकरीची स्वप्ने जे वारंवार रंगवीत, त्यांना दोन वर्षांनी नोकरीची बोलावणी कमी आली होती, पगारही कमी होता, आणि त्यांनी अर्जही कमी केले होते. कारण उघड आहे. मनोराज्यात मनुष्य फळ आधीच चाखतो, आणि चाखलेल्या फळासाठी श्रम करण्याची निकड शरीराला उरत नाही. भरवसा ही वेगळी वस्तू : तिला पूर्वीच्या अनुभवाचा आधार असतो आणि ती मनुष्याला कामाकडे लोटते.

यावर ओटिंगेन यांनी सुचवलेला उपाय साधा आहे. इच्छेचे चित्र मनात आणावे. त्याच्या पाठोपाठ, न टाळता, त्या इच्छेच्या आड येणारी स्वतःमधील अडचण मनात आणावी. आणि ती पुढे आली तर आपण नेमके काय करणार ते आधीच ठरवून ठेवावे. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली या शेवटच्या पायरीचे महत्त्व दाखवून दिले : मी अभ्यास करीन, असा मोघम निश्चय करणाऱ्यापेक्षा, रात्रपाळीहून आल्यावर चहा होताच अमुक जागी बसून तमुक पुस्तक उघडीन, असे जर-तर बांधून ठेवणारा मनुष्य ते काम अधिक प्रमाणात तडीस नेतो. बोईसरच्या ज्या मुलाला पाळी सांभाळून पदविका पुरी करावयाची आहे, त्याने आरशापुढे उभे राहून आपण मोठे होणार असे शंभरदा म्हणण्याऐवजी, पाळी बदलली तर, वीज गेली तर, मित्र बोलवावयास आला तर, या तीन प्रसंगांची उत्तरे एका कागदावर लिहून भिंतीला लावावी. त्याच्या आशावादाला एवढी शिस्त पुरेशी आहे.

अडचणीचा विचार करणे म्हणजे अशुभ चिंतणे, अशी आपल्या समाजात एक समजूत आहे, आणि सकारात्मक विचाराच्या नावाने ती अलीकडे अधिकच बळावली आहे. जे लोक तसे मानतात त्यांनी तारापूरकडे पाहावे. भारतातील या पहिल्या अणुविद्युत केंद्राचे दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. एखादे केंद्र अर्धशतकाहून जुने होते तेव्हा त्याच्यामागे आत्मविश्वास असतोच. परंतु तो कशाच्या रूपाने वावरतो ते पाहावे. या अणुभट्टीतील नियंत्रक कांड्या तळाकडून वर शिरतात, आणि काही विपरीत दिसताच त्या क्षणार्धात गाभ्यात जाऊन विखंडनाची साखळी तोडतील अशी योजना मूळ आराखड्यातच आहे. बाहेरची वीज गेली तर जनित्रे. एक संरक्षण चुकले तर दुसरे, दुसरे चुकले तर तिसरे. चालकाला अनुज्ञापत्र मिळण्यापूर्वी न घडलेल्या संकटांचा सराव करावा लागतो, आणि जिल्हा प्रशासनाला सोबत घेऊन केंद्राबाहेरच्या आणीबाणीच्या रंगीत तालमीही वेळोवेळी होतात. या साऱ्याला कोणी निराशावाद म्हणत नाही. काय काय बिघडू शकते याचा ज्यांनी अगोदरच पुरता विचार केला आहे, त्यांनाच रात्री शांत चित्ताने पाळी करता येते.

याच केंद्राच्या इतिहासात बाहेरून आलेले संकटही आहे. १९६३ च्या करारान्वये समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवावयाचे होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तो पुरवठा अडखळू लागला आणि अखेर थांबला. १९८२ साली फ्रान्सशी व्यवस्था झाली, नंतर चीन आणि रशिया यांच्याकडून इंधन आले, आणि दरम्यान आपल्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियममिश्रित इंधन बनवून तेही या भट्ट्यांत वापरून पाहिले. पूर्वी २१० मेगावॉटची असलेली प्रत्येक संचाची क्षमता १६० वर आणावी लागली, हेही त्याच इतिहासात नमूद आहे. कमी क्षमतेवर चालवणे पत्करले, पण केंद्र चालू ठेवले; हा निर्णय मला शिस्तबद्ध आशावादाचा नमुना वाटतो, कारण त्यात वस्तुस्थितीशी तडजोड आहे आणि शरणागती नाही.

येथवर वाचकाला वाटेल की प्रश्न सुटला. तो सुटलेला नाही. त्याचा कठीण भाग आता लागतो. पुढे तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी, ज्यांनी २००५ आणि २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॉट वीज देण्यास आरंभ केला, अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील लोकांना आपली घरे व जमिनी सोडाव्या लागल्या. समुद्रकाठ सुटलेल्या मच्छीमाराला मन प्रसन्न ठेवण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करावयाचा? आणि त्याही मागे गेलो तर या जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्यातील वेठीचा इतिहास आहे. जमिनी सावकार-जमीनदारांच्या नावे चढल्या, वारली आपल्याच बापजाद्यांच्या शेतावर कूळ किंवा मजूर झाला, आणि धन्याच्या घरी विनामोबदला राबणे हा शिरस्ता होऊन बसला. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायकोने जन्मभर सावकाराकडे गुलामासारखे राबावे, अशी लग्नगडी नावाची प्रथा होती. १९३८ च्या सुमारास सरकारच्या वतीने चौकशी करणाऱ्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आपल्या अहवालात या स्थितीची नोंद केली आहे. अशा माणसाला, तुझ्या दारिद्र्याचे मूळ तुझ्या विचारांत आहे, असे सांगणे याला मी क्रौर्यच म्हणेन. सकारात्मक विचाराचा जो प्रचार परिस्थितीची जबाबदारी गरिबाच्या डोक्यावर लादतो, तो कितीही गोड शब्दांत असला तरी धन्याच्या सोयीचा आहे.

तरीही नेमके याच ठिकाणी विचाराच्या सामर्थ्याचा सर्वांत मोठा पुरावा सापडतो. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, तिला उंबरगाव तालुक्यातील काही वारली गेले. त्यानंतर किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले, आणि २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारल्यांच्या सभेत निर्धार झाला की वेठ करावयाची नाही आणि रोजी बारा आण्यांखाली जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकावयाचे नाही. कालपर्यंत धन्याची हाक आली की हातातले भाकरीचे ताट सारून उठणारी माणसे लाल बावटा घेऊन एकमेकांना त्या निर्धाराची आठवण देत गावोगाव हिंडू लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्यू पावले. वेठ मात्र परत आली नाही. या लढ्याची हकिगत गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आणि त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून असे मांडले होते की, टाळता न येणारे दुःख वारंवार भोगलेला प्राणी हताशपणा शिकतो आणि मग सुटकेची वाट मोकळी असताही जागचा हलत नाही. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, मेंदूच्या अभ्यासाअंती त्यांनीच आपला सिद्धांत उलटा करून सांगितला : दीर्घ दुःखापुढे हताश होणे हीच प्राण्याची मूळ प्रतिक्रिया आहे, शिकावे लागते ते, आपल्या कृतीने काही फरक पडतो, हे. मला या निष्कर्षात झरीच्या सभेचा अर्थ सापडतो. वारली आळशी किंवा भित्रे होते म्हणून वेठ करीत नव्हते. नकार दिल्यास काही घडू शकते, हा अनुभव त्यांना कोणी कधी मिळू दिला नव्हता. पहिल्या दिवशी वेठीला न गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जो विचार सुचला तो त्या कृतीचे अपत्य होता; आणि त्या एकट्याच्या पाठीशी गाव उभे नसते, तर तो विचार दुसरा दिवस पाहताच ना. सकारात्मक विचार एकट्याच्या डोक्यात जन्मून बाहेर येतो ही पुस्तकी समजूत आहे. बहुधा तो चार माणसांच्या संगतीत, एका लहान यशानंतर जन्म घेतो.

दैव नावाचे जे पाचवे कारण आहे, त्याचाही दाखला याच मातीत आहे. जिव्या सोमा म्हसे यांचे मातृछत्र अगदी लहानपणी हरपले. त्यानंतर कित्येक वर्षे ते बोलेनासे झाले आणि धुळीत बोटाने चित्रे काढून आपले म्हणणे सांगू लागले. वारल्यांत भिंतीवर लग्नचौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा. या मुलाने तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने, लग्नकार्याचे निमित्त नसताना, रोज चित्रे काढली. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे कलावंत या भागात आले नसते, त्यांनी या माणसाच्या हाती कागद दिला नसता, तर गंजाडच्या कळंबीपाड्यातील ती चित्रे पावसाबरोबर धुऊन गेली असती आणि १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार व २०११ ची पद्मश्री दूरच राहिली असती. परंतु कुलकर्णी आले त्या दिवशी म्हसे यांचा हात तयार होता. दैवाला आमंत्रण देता येत नाही. ते आले तर आपण घरी असावे एवढी व्यवस्था करता येते, आणि ती रोजच्या अभ्यासानेच होते. अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला तरच दृढ होतो, असे पतंजलींनी म्हटले आहे ते यासाठीच.

माझा निर्णय असा की शिस्तबद्ध आशावादी विचाराने आयुष्याचे वळण बदलते. पण तो अडचणीकडे पाहणारा असावा लागतो, कृतीत उतरावा लागतो आणि त्याला संगत व साधने मिळावी लागतात. ही साधने सर्वांना सारखी मिळालेली नाहीत. म्हणून पालघर, बोईसर आणि डहाणूच्या शाळा-महाविद्यालयांतून व कारखान्यांतून जे सज्जन यशाची आणि प्रेरणेची शिबिरे भरवतात त्यांना माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. व्याख्यान जरूर द्यावे. परंतु ते देण्याआधी समोर बसलेल्या मुलांना, रात्री वाचण्यास दिवा आहे का, बसण्यास जागा आहे का, पाळी संपल्यावर घरी पोहोचण्यास गाडी आहे का, परीक्षेचे शुल्क कोण भरणार आहे, एवढे विचारावे, त्यांची उत्तरे एका वहीत लिहून घ्यावी, आणि पुढचे शिबिर भरवण्यापूर्वी त्यांतील निदान एका मुलाच्या एका अडचणीची तजवीज करून यावे.